ओनियन की बॅबिलॉन बी? दोन्ही बाजूंचे राजकीय विनोद वाचून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अमेरिकेतल्या दोन वेबसाइटचा आहे, एक द ओनियन आणि दुसरी द बॅबिलॉन बी. दोन्ही खोट्या बातम्या लिहितात, म्हणजे फसवायला नाही तर हसवायला, आणि दोन्हीचा मुख्य विषय राजकारण. ओनियनचा वाचक बहुतेक करून डेमोक्रॅट बाजूचा, म्हणजे डावा, बीचा रिपब्लिकन बाजूचा, म्हणजे उजवा. जोडीला टीव्हीवरच्या दोन शोबद्दलही लिहिणार आहे, डावीकडचा द डेली शो आणि उजवीकडचा गटफेल्ड, कारण नुसतं वाचून कळत नाही, समोर प्रेक्षक बसलेला असला की फरक जास्त उठून दिसतो.

मी हे सगळं बरीच वर्षं नियमित वाचतेय, बघतेय, आणि मला एक गोष्ट कायम खटकत आलीय, की जो तो आपल्याच बाजूचं वाचतो, दुसऱ्या बाजूचं उघडूनही बघत नाही आणि मग छातीठोकपणे सांगतो की त्यांना विनोद जमतच नाही. असं काही नाहीये हो. दोघांनाही जमतो, आणि दोघांचाही कधीकधी पार फसतो, आणि फसायचं कारण दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. म्हणून मी मार्क देताना एकच गोष्ट बघते, की हा विनोद आपल्याच माणसांना कधी टोचतो का. समोरच्याला टोचणं काही कठीण नाही, त्याला टाळ्या ठरलेल्याच असतात.

आधी ओनियन. १९८८ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये विद्यापीठातल्या दोन पोरांनी हा पेपर काढला, १९९६ मध्ये वेबसाइट आली, २०१३ च्या शेवटी छापील अंक बंद पडला, २०२४ मध्ये मालक बदलले आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून छापील पेपर पुन्हा सुरू झाला, आता महिन्याला एक अंक वर्गणीदारांना पोस्टाने जातो. वेबसाइट फुकट वाचता येते. यांच्याकडे आधी हेडलाइन ठरते आणि मग बातमी लिहिली जाते, शेकडो हेडलाइन कागदावर येतात आणि त्यातल्या मोजक्याच निवडतात, आणि वाचताना ते जाणवतं. हेडलाइन इतकी घासूनपुसून घेतलेली असते की खालची बातमी वाचली नाही तरी चालतं. भाषा अगदी कोरडी, खऱ्या वृत्तसंस्थेची, कुठेही डोळा मारणं नाही की हे बघा आम्ही गंमत करतोय.

एक नमुना देते. जानेवारी २००१ मध्ये धाकटे बुश राष्ट्राध्यक्ष होत होते तेव्हा ओनियनने हेडलाइन दिली, बुश म्हणतायत की 'शांतता आणि भरभराटीचं आपल्या देशावरचं दीर्घ दुःस्वप्न अखेर संपलं'. आता यात किती काय काय आहे बघा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर १९७४ मध्ये त्यांच्या जागी आलेले जेराल्ड फोर्ड म्हणाले होते की आपलं दीर्घ राष्ट्रीय दुःस्वप्न संपलं, ते वाक्य उचललंय आणि त्यात शांतता आणि भरभराट हेच दुःस्वप्न म्हणून बसवलंय. लिहिणारा स्वतः काहीच म्हणत नाही. बुश वाईट आहेत असं नाही, युद्ध होईल असं नाही, टीकेचा एक शब्द नाही, बोलतायत ते बुशच, आणि अगदी आनंदाने बोलतायत. उरलेलं सगळं वाचणाऱ्याने डोक्यात भरायचं. फोर्डचं वाक्य आठवायचं, आदल्या दशकातली परिस्थिती आठवायची, नव्या माणसाकडून काय अपेक्षा आहे ते जोडायचं, आणि मग हसू येतं. पुढच्या काही वर्षांत दोन युद्धं झाली आणि २००८ मध्ये अर्थव्यवस्था कोसळली, तेव्हा लोकांनी ही बातमी पुन्हा शोधून काढून वाचली आणि कुणाला हसू आलं नाही.

हा ओनियनचा आणि एकूणच त्या बाजूच्या विनोदाचा स्वभाव आहे, अर्धं बोलायचं आणि अर्धं सोडून द्यायचं. डेलावेअर विद्यापीठातल्या डॅनागल यंग या प्राध्यापिकेने यावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उपरोध समजायला माणसाला अर्धवट, संदिग्ध गोष्टीत थोडा वेळ राहावं लागतं, आणि सरासरी बघितलं तर उदारमतवादी स्वभावाच्या माणसांना ते जास्त मानवतं. परंपरावादी स्वभावाच्या माणसांना गोष्ट स्पष्ट हवी असते, धोका कुठे आहे ते सरळ सांगणारं कुणी हवं असतं, म्हणून त्यांच्याकडे उपरोधापेक्षा संतापाचे शो जास्त चालतात, रेडिओवरचे, टीव्हीवरचे, जिथे निवेदक थेट सांगतो की बघा काय चाललंय. यंग यांनी यात कोण शहाणं कोण मूर्ख असं काही म्हटलेलं नाही हे लक्षात घ्या, कारण लोक ते नेमकं तसंच वापरतात आणि ते चूक आहे. त्यांच्या मते दोन्ही प्रकार लोकांची एकच गरज भागवतात, राजकारणाचा राग आणि भीती कुठेतरी बाहेर काढायची.

याला जोडून अजून एक अभ्यास फार महत्त्वाचा आहे, आणि तो वाचल्यापासून मी कुठलाही राजकीय जोक आधीसारखा बघू शकलेले नाही. स्टीफन कोल्बेर २००५ ते २०१४ एक शो करायचे ज्यात ते कडव्या उजव्या टीव्ही निवेदकाचं सोंग घ्यायचे. डेमोक्रॅट म्हणजे मूर्ख, बुश म्हणजे थोर, असं तावातावाने बोलायचे आणि ते सगळं उजव्या निवेदकांची खिल्ली म्हणून. २००९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना त्याची क्लिप दाखवून विचारलं. दोन्ही बाजूंच्या लोकांना शो सारखाच विनोदी वाटला! फक्त उदारमतवादी म्हणाले हा चेष्टा करतोय, आणि परंपरावादी लोकांचा कल असा होता की हा चेष्टा करायचं नुसतं नाटक करतोय, मनातून याला हेच म्हणायचंय. तोच माणूस, तेच वाक्य, आणि दोघं हसतायत ते एकमेकांवर. म्हणजे उपरोध जितका बारीक तितकी ही सोय जास्त, की जो तो आपल्याला हवं ते ऐकून घरी जातो. ओनियनच्या या पद्धतीचा मोठा दोष तोच आहे. २०१२ मध्ये चीनच्या पीपल्स डेलीच्या वेबसाइटने किम जोंग-उन हा जगातला सगळ्यात देखणा पुरुष ही ओनियनची बातमी खरी समजून ५५ फोटोंसकट छापली, त्याच वर्षी इराणच्या फार्स वृत्तसंस्थेनेही ओनियनचीच एक बातमी उचलली, आणि अमेरिकेतल्या एका रिपब्लिकन खासदाराच्या फेसबुक पानावर ओनियनचं आठ अब्ज डॉलरचं गर्भपात केंद्र खरं म्हणून झळकलं.

आता ओनियन आपल्या माणसांना टोचतो का? टोचतो, पण सगळ्यांना सारखं नाही. ओबामा २००८ मध्ये निवडून आले, अर्धा देश आनंदाने रडत होता, तेव्हा यांची हेडलाइन होती की काळ्या माणसाला देशातली सगळ्यात वाईट नोकरी मिळाली. मला ही अजूनही फार मोठी हेडलाइन वाटते. त्यात ओबामांची चेष्टा नाही, पण देश कसल्या अवस्थेत कुणाच्या हातात देतोय आणि कामाची वाटणी नेहमी कशी होते हे आनंदाच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. पण बायडन यांच्या बाबतीत ओनियन गुळमुळीत झाला. उपराष्ट्राध्यक्ष असताना त्यांचं एक पात्रच बनवलं होतं, शर्ट काढून व्हाइट हाउससमोर स्पोर्ट्स कार धुणारा रंगेल काका, आणि ते पात्र इतकं लाडकं झालं की खऱ्या बायडन यांचा इतक्या वर्षांचा राजकीय हिशोब कुणी मांडलाच नाही. २०१९ मध्ये ते पात्र घडवण्यात हात असलेल्या ओनियनच्या एका जुन्या लेखकाने जाहीरपणे याची खंत व्यक्त केली. मला त्याचं कौतुक वाटतं, कारण एवढं सरळ बोलणारे दोन्हीकडे फार थोडे आहेत.

आणि एक हेडलाइन सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. मे २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात आयला व्हिस्टाला गोळीबार झाला तेव्हा ओनियनने लिहिलं, 'हे थांबवायला काही मार्गच नाही,' म्हणतो तो एकमेव देश जिथे हे नेहमी घडतं. त्यानंतर मोठा गोळीबार झाला की ते तीच बातमी पुन्हा टाकतात. गाव बदलतं, मेलेल्यांचा आकडा बदलतो, बाकी बातमी जवळपास तशीच. २०२२ मध्ये टेक्सासमध्ये युवाल्डीच्या शाळेत पोरं मेली तेव्हा वेबसाइटचं अख्खं मुखपृष्ठ आधीच्या सगळ्या वेळच्या त्याच बातमीने भरलं होतं, वरपासून खालपर्यंत तीच ओळ. हा विनोद आहे का असा प्रश्न पडतो. माझ्या मते आहे, आणि ज्यात हसू येत नाही अशा थोड्या विनोदांपैकी आहे. यात एकाही पक्षाचं, एकाही नेत्याचं नाव नाही, तरी उजवीकडच्या वाचकाला तो आपल्यावरचा हल्ला वाटतो, आणि इथे ओनियन त्याच्याशी बोलणं सोडून देतो हेही खरं.

आता बी. इथे माझे बरेच वाचक नाक मुरडतील, पण थांबा. मार्च २०१६ मध्ये अ‍ॅडम फोर्ड नावाच्या माणसाने ही साइट काढली ती राजकारणासाठी नव्हे, चर्चमधल्या लोकांनी चर्चवर हसावं म्हणून. आणि त्या सुरुवातीच्या काळातला बी खरंच फार चांगला आहे. एक हेडलाइन अशी, की धुराचं मशीन बंद पडल्यामुळे पवित्र आत्म्याला मंडळींमध्ये संचार करता आला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना हल्ली रॉक कॉन्सर्टसारखी होते, लाइट, धूर, गिटार, हे माहीत असेल तर ती ओळ वाचताना पोटात कळ येते आणि गलबलूनही येतं, कारण लिहिणारा आतला आहे, त्याचा देवावर विश्वास आहे आणि त्याला या देखाव्याचं खरंच दुःख आहे. २०१७ मध्ये ह्यूस्टनला पूर आला, तिथल्या जोएल ओस्टीन या प्रसिद्ध धर्मोपदेशकावर आपलं प्रचंड चर्च लोकांना उघडायला उशीर केला म्हणून टीका होत होती, तेव्हा बीने लिहिलं की ओस्टीन आलिशान बोटीतून पुरात फिरून स्वतःचं पुस्तक वाटतायत. हे डाव्यांनी लिहिलं असतं तर श्रद्धाळू लोकांनी पानही उघडलं नसतं. घरच्यानेच लिहिलं म्हणून ते जिथे पोचायला हवं तिथे पोचलं.

मग २०१८ मध्ये साइट सेथ डिलन यांनी विकत घेतली आणि हळूहळू चर्च मागे पडलं, राजकारण पुढे आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ती गाजलेली बातमी आली, सीएनएन या न्यूज चॅनलने बातम्या छापण्याआधी फिरवून घ्यायला कारखान्यातलं मोठं वॉशिंग मशीन विकत घेतलं (इंग्रजीत 'स्पिन' म्हणजे मशीनमध्ये कपडे फिरवणं आणि बातमी आपल्याला हवी तशी फिरवणंही). चांगली आहे, छोटी आहे, लगेच कळते. पण ओनियनच्या बुशवाल्या हेडलाइनशेजारी ठेवून बघा. इथे वाचणाऱ्याला काही भरायचं शिल्लक नाही. सीएनएन बातम्या फिरवतं हे त्याला आधीच माहीत आहे, किंवा पटलेलं आहे, आणि जोक त्याला तेच पुन्हा एका चित्रात दाखवतो. हा बीचा नेहमीचा साचा, समोरच्याची सवय घ्यायची आणि ती दहापट फुगवून अगदी प्रत्यक्ष वस्तू करून ठेवायची. अतिशयोक्ती हा विनोदाचा जुना आणि पूर्ण मानाचा प्रकार आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यात वाचकाला धक्का बसत नाही, त्याचं आधीचंच मत पक्कं होतं.

गंमत म्हणजे ही वॉशिंग मशीनची बातमी स्नोप्स या पडताळणी करणाऱ्या साइटने गंभीरपणे तपासून खोटी ठरवली, त्यावरून फेसबुकने बीला इशारा दिला, आणि मग चूक कळल्यावर माफी मागितली. उजवीकडच्या लोकांना आजही हे तोंडपाठ आहे आणि त्यांचा राग मला समजतो. वॉशिंग मशीनमध्ये बातम्या घालत नाहीत हे कुणालाही कळतं. पण दुसरी बाजूही बघायला हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये खुद्द ट्रम्प यांनी बीची एक बातमी, की बायडन यांच्याविरुद्धच्या बातम्या पसरू नयेत म्हणून ट्विटरने अख्खं नेटवर्कच बंद केलं, खरी समजून शेअर केली. म्हणजे बीवाल्यांचा स्वतःचा सगळ्यात मोठा वाचकच फसला. आणि उलटही झालंय, बीने लिहिलं होतं की ट्रम्प म्हणतात मी ख्रिस्ती धर्मासाठी येशूपेक्षा जास्त केलंय, ते इतक्या लोकांना खरं वाटलं की त्याचीही पडताळणी करावी लागली. समोरच्याबद्दल आपण आधीच इतकं वाईट धरून बसलेलो असतो की त्याच्याबद्दल काहीही लिहिलं तरी शक्य वाटतं, आणि हे दोन्हीकडे सारखंच आहे. ती ट्रम्प आणि येशूची ओळ मात्र मला फार आवडते, कारण तिथे बीने आपल्याच नेत्याला आणि त्याच्या पाठीमागे जाणाऱ्या आपल्याच श्रद्धाळू वाचकाला एकदम पकडलं. असं ते अजूनही करतात, पण फार कमी. रोजचा माल म्हणजे डेमोक्रॅट नेते, विद्यापीठं, आणि ट्रान्सजेंडर लोक.

या शेवटच्या विषयावर मी स्पष्टच लिहिते. मार्च २०२२ मध्ये बीने रेचल लेव्हिन या सरकारमधल्या ट्रान्सजेंडर महिला अधिकाऱ्याला 'मॅन ऑफ द इयर' म्हटलं, ट्विटरने खातं बंद केलं, डिलन यांनी ते ट्विट काढायला नकार दिला, आणि मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर नोव्हेंबरमध्ये खातं परत चालू झालं. तो जोक मला अजिबात आवडला नाही. एका माणसाच्या असण्यावर बोट ठेवण्यापलीकडे त्यात काहीच नाही, सत्तेवर नाही, धोरणावर नाही, ढोंगावर नाही. आणि तोच एक जोक शब्द बदलून इतक्या वेळा केलाय की साइट वाचताना थकायला होतं. पण त्यासाठी खातं बंद करणंही मला पटलं नाही, आणि हे मी डावीकडच्या मित्रमंडळींना सांगते तेव्हा वाद होतात. मग सप्टेंबर २०२५ मध्ये रात्रीच्या विनोदी शोचे निवेदक जिमी किमेल यांचा शो चॅनलने काही दिवस बंद ठेवला, सरकारी अधिकाऱ्याने आधी चॅनलला उघड दम भरलेला, तेव्हा तीच मंडळी अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बोलायला लागली आणि आधी स्वातंत्र्यावर बोलणारी पलीकडची बरीच मंडळी गप्प झाली. मला दोन्ही वेळा वाईट वाटलं. किमेलच्या वेळी जास्त, कारण तिथे नुसती एक खाजगी कंपनी नव्हती, सरकार मध्ये होतं, आणि तो फरक मोठा आहे.

पण एक प्रसंग असा झाला की ही दोन्ही घरं एकाच बाजूला उभी राहिली, आणि मला तो या सगळ्या प्रकारातला सगळ्यात जवळचा वाटतो. ओहायोमध्ये पार्मा नावाचं शहर आहे. तिथल्या एका माणसाने पोलीस खात्याच्या नावाने चेष्टेचं फेसबुक पान काढलं, पोलिसांनी त्याला अटक केली, ज्युरीने निर्दोष सोडलं, मग त्याने पोलिसांवर दावा केला आणि तो हरत हरत सुप्रीम कोर्टाच्या दारात गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओनियनने त्याच्या बाजूने कोर्टात निवेदन दाखल केलं, आणि ते निवेदनच विडंबनाच्या भाषेत लिहिलं, आमचे रोजचे वाचक ४.३ ट्रिलियन आहेत वगैरे. पण मधला मुद्दा अगदी गंभीर, की विडंबनावर 'हे विडंबन आहे' अशी पाटी लावायला लावली तर विडंबन मरतं, कारण वाचणाऱ्याने क्षणभर खरं समजणं आणि मग आपलंच आपल्याला कळणं यातच त्याची ताकद आहे. आणि थोड्याच दिवसांनी बीनेही त्याच खटल्यात त्याच माणसाच्या बाजूने निवेदन दिलं. एरवी एकमेकांच्या वाचकांना वेड्यात काढणारे दोघं, आणि विनोद करायचा हक्क आला तेव्हा एकाच कागदावर. कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये खटला ऐकायला नकार दिला. तरी ती दोन्ही निवेदनं शोधून वाचा, फुकट आहेत.

आता टीव्ही, थोडक्यात. पूर्वी रात्रीच्या शोमधला निवेदक आपला पक्ष लपवायचा, जॉनी कार्सन यांनी अनेक वर्षं दोन्ही पक्षांची सारखीच फिरकी घेतली. त्या काळात नेतेही खिलाडू होते असं दिसतं, थोरले बुश १९९२ ची निवडणूक हरले आणि त्यांनी आपली नक्कल करणाऱ्या डेना कार्व्हीलाच व्हाइट हाउसमध्ये बोलावून सगळ्यांसमोर नक्कल करून घेतली. मग केबल आलं, मग इंटरनेट, प्रेक्षक फुटले, आणि सगळ्यांना हसवण्यापेक्षा एकाच बाजूला घट्ट धरून ठेवणं परवडायला लागलं. उजवीकडे हे रेडिओवर आधीच झालं होतं, प्रसारणात दोन्ही बाजू मांडायचा नियम १९८७ मध्ये गेला आणि १९८८ पासून रश लिंबॉ देशभर ऐकू यायला लागले, विडंबन गाणी, नकला, टोपणनावं सगळं होतं त्यात. फॉक्स न्यूजने २००७ मध्ये डेली शोची उजवी नक्कल काढून बघितली ती काही महिन्यांत बंद पडली, आणि त्यावरून बरेच डावे लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले की उजव्यांना विनोद येत नाही. ते दुसऱ्याच्या पद्धतीने करायला गेले म्हणून फसलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

गटफेल्ड एप्रिल २०२१ पासून रोज रात्री लागतो आणि प्रचंड चालतो, जुन्या नावाजलेल्या शोंपेक्षा जास्त लोक बघतात, अर्थात त्याची वेळ बाकीच्यांच्या आधीची आहे हेही धरायला हवं. शो कसा असतो, तर आधी ग्रेग गटफेल्ड यांचं भाषण आणि मग पाच जण बसून गप्पा. हॉटेलच्या बारमध्ये बसलेल्या मित्रांचा सूर आहे तो, आणि प्रेक्षकाला आवडतं ते तेच, जोक नाही, सोबत. एखादा जोक पडला तरी कुणाला पर्वा नाही, पुढचा येतो. पण भाषणातले जोक बहुतेक शरीरावर, वयावर, दिसण्यावर, आणि ते मला फार उथळ वाटतात. शो खुलतो तो कॅट टिंफ बोलते तेव्हा, ती स्वतःला लिबर्टेरियन, म्हणजे सरकारने लोकांच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी असं मानणारी, म्हणवते आणि कधीकधी सगळ्यांच्या विरुद्ध बोलते, टेबलावर एकदम जीव येतो, प्रेक्षकांना क्षणभर कळत नाही टाळ्या वाजवायच्या की नाही. तो क्षण मला रोज हवा असतो आणि मिळत नाही.

डेली शोची पद्धत उलटी. नेत्याची आजची क्लिप, लगेच त्याचीच जुनी उलट बोललेली क्लिप, आणि निवेदकाचा नुसता चेहरा. विनोद दोन क्लिपच्या मधल्या जागेत असतो. चांगला असतो तेव्हा याच्यासारखं काही नाही. पण ट्रम्प आल्यापासून इथेही प्रेक्षक हसायच्या ऐवजी टाळ्या वाजवायला लागलेत, जोक संपायच्या आधीच, म्हणजे त्यांना विनोद नको असतो, आपलं बरोबर आहे हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शोचे जुने निवेदक जॉन स्ट्यूअर्ट परत आले आणि पहिल्याच दिवशी बायडन आणि ट्रम्प दोघांच्याही वयावर बोलले. किती ओरडा झाला! त्यांचेच जुने चाहते म्हणाले हा दोघांना एका तराजूत तोलतोय, याची ही वेळ नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यावरही शो केला. काही महिन्यांनी बायडन यांना वयाच्याच कारणावरून शर्यत सोडावी लागली. प्रेक्षकांना जे ऐकायचं नव्हतं ते एका विनोद करणाऱ्याने आधी सांगितलं होतं, आणि यासाठीच मला हा सगळा प्रकार इतका महत्त्वाचा वाटतो. नेत्याचे सल्लागार बोलत नाहीत, पक्षाचे लोक बोलत नाहीत, तेव्हा ज्याच्यावर त्या लोकांचं प्रेम आहे असा विनोद करणाराच बोलू शकतो. समोरच्या बाजूचा कितीही ओरडला तरी ते ऐकू जात नाही.

मार्क देते. ओनियनला ५ पैकी ४, एक मार्क बायडनचा कापला. बीला ५ पैकी ३, पण २०१६ आणि २०१७ चा जुना बी घेतला तर ४ देईन, आणि देताना आनंद होईल. डेली शोला साडेतीन, सोमवारी स्ट्यूअर्ट असतील तेव्हा. गटफेल्डला दोन, टिंफ असेल त्या दिवशी अडीच.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने रोजच्या बातम्यांपासून करू नये, संदर्भ लागत नाहीत आणि दोन्हीकडचं सगळं सारखंच कर्कश वाटतं. ओनियनचे २००१ ते २००८ चे जुने अंक घ्या, बीचं चर्चवरचं घ्या, दोन्ही साइटवर शोधता येतं. आणि आपल्या विरुद्ध बाजूची साइट आधी वाचा, ताज्या डोक्याने. पहिले काही दिवस राग येईल, बरेच जोक जोक वाटणारच नाहीत. तरी त्यांचे स्वतःच्या लोकांवरचे जोक शोधून शोधून वाचा, त्या लोकांना नक्की कशाची लाज वाटते आणि कशाची भीती वाटते ते तिथेच कळतं, त्यांच्या नेत्यांच्या भाषणात ते कधीच सापडत नाही.